मोजून तीन टॉर्टिया

मका जिथे जन्मला त्या देशाच्या राजधानीत, रविवारी दुपारी तीन वाजता, म्हणजे अख्खे मेक्सिको शहर पोटभर जेवायला बसते नेमक्या त्या वेळी, आम्हा तिघांपुढे मोजून तीन टॉर्टिया ठेवण्यात आल्या. तळहाताहून लहान असलेल्या त्या टॉर्टिया भरतकामाच्या रुमालात बारशाच्या बाळासारख्या गुंडाळल्या होत्या. ठाण्याहून आलेल्या माझ्या मामेबहिणीने, म्हणजे ताईने, रुमाल उघडला, आत पाहिले, पुन्हा झाकला आणि एखाद्याच्या घरचे दुखणे विचारावे तशा दबक्या आवाजात मला विचारले, "अगं, इथे पोळ्या मोजून वाढतात का?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. वेटरला बोलावून आणखी तीन मागवल्या, त्या आल्या, आणि बिलात स्वतंत्र ओळीवर सत्तर पेसो लावून आल्या. माझ्या घराखालच्या टॉर्टियाच्या दुकानात त्या किलोवर मिळतात. सुमारे २०-२५ पेसोंना किलो, आणि किलोत सहज तीसेक भरतात. कोपऱ्यावरच्या खाणावळीत दुपारच्या ठरलेल्या थाळीबरोबर, म्हणजे सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि फळाचे सरबत यांच्याबरोबर, फडक्यात झाकलेली टोपली येते आणि ती रिकामी होताना दिसली की मालकीणबाई न विचारता भरून जातात. पाहुण्याला टॉर्टिया विकत घ्यायला लावण्याची ही विद्या या लोकांना कोणी शिकवली, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

बरे, टॉर्टिया मोजून दिल्या तरी त्यांच्यावरचे व्याख्यान मात्र मोजून दिले नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी सालपट चोळून धुतात आणि मग दळतात, म्हणून पीठ चिकटून येते आणि टॉर्टिया तुटत नाही, हे त्या तरुणाने आम्हाला अशा थाटात सांगितले की जणू हा शोध त्याच्या मालकाने गेल्या मंगळवारी लावला होता. हजारो वर्षे इथल्या बायका पहाटे उठून पाट्यावर तेच दळत आल्या आहेत. शिवाय हे सगळे इंग्रजीतून. मी सात वर्षे या शहरात राहते, प्रत्येक प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारत होते, आणि तो प्रत्येक उत्तर इंग्रजीत देत होता.

मोलेबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतेच. तीन-चार जातींच्या सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, मसाले, भाजलेली टॉर्टिया आणि थोडे चॉकलेट असे सगळे भाजून, वाटून, तासन्‌तास आटवलेला हा दाट रस्सा कोंबडीवर भरपूर ओतायचा असतो आणि उरलेला भाताला व टॉर्टियाला लावून ताट पुसून काढायचे असते. इथे भल्यामोठ्या काळ्या ताटात त्याची एक रेघ ओढलेली होती. मिसळीचा कट कोणी थेंबा-थेंबाने वाढला असता तर आमच्या भाऊजींनी ठाण्यात त्या दुकानाची काय अवस्था केली असती, हे मला ठाऊक आहे, परदेशात मात्र ते सभ्यपणे म्हणाले, "छान दिसतंय." साल्साही तसाच. टोमॅटोची गोड चटणी म्हणून तो लहान मुलाच्या डब्यात चालला असता.

आणि ती आजी! 'पारंपरिक' म्हणवणाऱ्या प्रत्येक महागड्या उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर कोणाची तरी आजी असतेच, ती डोंगरातल्या खेड्यातलीच असते, आणि तिच्या हातची चव या मंडळींनी जपलेली असते. आजीखाली, २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिल्याचे छापलेले होते. मान्यता घराघरांतल्या चुलींना मिळाली. सत्तर पेसो लावण्याचा परवाना यांना कोणी दिला? आपल्याकडे 'घरगुती' शब्दाचे जे झाले तेच इथे 'पारंपरिक' शब्दाचे झाले आहे.

आता राग आलाच आहे, तर २०२४चेही सांगून टाकते. त्या वर्षी उत्तम उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिनची मेक्सिकोसाठी पहिली यादी आली आणि सान राफाएल भागातल्या, जेमतेम चार प्रकारचे टाको विकणाऱ्या, १९६८पासूनच्या एका लहानशा टपरीला एक तारा मिळाला. त्या कष्टाळू माणसांना तो मिळाला याचा मला आनंदच आहे; माझे भांडण रांगेत उभे राहून टाकोपेक्षा स्वतःचेच जास्त फोटो काढणाऱ्यांशी आहे. तसेच ते भांडण पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीशीही आहे, जिने मला दर फोनवर "तिकडे नाचोज मस्त मिळत असतील ना?" असे विचारणे सात वर्षांत थांबवलेले नाही. नाचोज १९४३ साली अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या पिएद्रास नेग्रास गावात जन्मले, आणि मी राहते त्या शहरातल्या आज्यांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. नावातच चीज असलेल्या केसादियात, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या टॉर्टियात, चीज हवे असेल तर ते या शहरात वेगळे सांगावे लागते, या प्रकाराबद्दल मी आणखी पाच परिच्छेद लिहू शकते, पण भाऊजींनी पहिल्याच दिवशी तो विषय काढून माझी वाफ थोडी कमी केली आहे.

येथवर आल्यावर एक कबुली देणे भाग आहे. ते उपाहारगृह मीच शोधले होते. 'शहरातील दहा अस्सल ठिकाणे' अशी एक यादी रात्री दीडपर्यंत जागून मी वाचली आणि तीन आठवडे आधी जागा राखून ठेवली. ४ जुलै २०२५ रोजी रोमा आणि कोंदेसा भागांतल्या वाढत्या भाड्यांविरुद्ध मोर्चा निघाला, परक्यांसाठी साल्साचा तिखटपणा मारल्याची तक्रारही तेव्हा कानावर येत होती, आणि मी घरात बसून अगदी मनापासून मान डोलावत होते. नार्वार्तेतल्या त्या घराचे भाडे मात्र मी डॉलरमधल्या पगारातूनच भरते. तेव्हा ती रेघ माझ्यासारखीसाठीच ओढलेली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

अर्धपोटी बाहेर पडलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. घराजवळचा रविवारचा आठवडी बाजार आवरत होता, आणि त्याच्या टोकाला, मी दर रविवारी जिच्यासमोरून पिशवी घेऊन घाईघाईने जाते, ती बाई तवा पुसायच्या बेतात होती. "काय देऊ, ग्वेरिता?" तिने विचारले. ग्वेरिता म्हणजे गोरटी. माझा रंग तव्याच्या जवळचा असला तरी इथल्या बाजारात गिऱ्हाईक गोरेच असते. निळ्या मक्याच्या पिठाच्या लांबट त्लाकोयोत तिने घेवड्याचे सारण भरले, हातावर थापून तेलाशिवाय खरपूस भाजले, वर निवडुंगाची भाजी, कांदा आणि किसलेले चीज घातले. हिरवा साल्सा तिखट आहे का, असे मी विचारले. "नाही हो, मुळीच नाही," ती म्हणाली, आणि साताऱ्यात वाढलेली मी चार घासांतच उचक्या देऊ लागले. भाऊजींनी तीन खाल्ले. पैसे दिल्यावर तिने, आपली भाजीवाली कोथिंबीर वर घालते तसा, एक त्लाकोयो कागदात बांधून ताईच्या हातात दिला आणि "पिलोन" एवढेच म्हणाली. ताईला अर्थ सांगावा लागला नाही.

घरी पोचेपर्यंत भाऊजींनी त्या त्लाकोयोचा फोटो सगळ्या नातेवाइकांसाठी टाकलाही होता. खाली स्थळ म्हणून त्या उपाहारगृहाचे नाव होते.