शिक्षण, पिल्लू आणि दुसरे घर

पूर्णवेळ शिकत असताना आणलेले कुत्र्याचे पिल्लू आपल्याकडेच ठेवावे की दुसऱ्या चांगल्या घरी द्यावे, हा प्रश्न ओळखीतल्या विद्यार्थ्यांनी मला अनेकदा विचारला आहे, आणि विचारताना जवळजवळ प्रत्येकाच्या मनात अपराधीपणा होता. माझे मत आधीच सांगते. पिल्लाला लागणारी सोबत आपण देऊ शकत नसू आणि पुढच्या काही महिन्यांतही ती देता येण्याची चिन्हे नसतील, तर त्याला लवकरात लवकर योग्य माणसांच्या हाती सोपवावे.

मात्र त्याआधी थकवा आणि अडचण यांतला फरक ओळखायला हवा. पिल्लू आल्यानंतरचे पहिले काही आठवडे प्रत्येकालाच जड जातात. रात्री उठावे लागते, वह्या-चपला कुरतडल्या जातात, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि हे आपल्याला झेपणार नाही असे वाटू लागते. हा थकवा खरा असला तरी तो ओसरतो, कारण चार-पाच महिन्यांची बहुतेक पिल्ले रात्रभर झोपू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे 28 दात जाऊन 42 पक्के दात आले की चावाचावीही कमी होते. केवळ या दिवसांना कंटाळून पिल्लू देऊ नये, असे मला मनापासून वाटते. याउलट, सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतेपर्यंत घरात कोणीच नसणे ही अडचण नुसता काळ गेल्याने सुटत नाही.

दोन महिन्यांचे पिल्लू जेमतेम दोन-तीन तास लघवी रोखू शकते. त्याला आठ तास कोंडून ठेवले, तर ते आहे तिथेच घाण करणार, आणि त्याबद्दल त्याला रागावणे हा शुद्ध अन्याय आहे. त्याहून गंभीर बाब म्हणजे, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू माणसे, आवाज, वाहने आणि इतर प्राणी यांना न घाबरता स्वीकारायला शिकते. हा काळ बंद खोलीत गेला, तर पुढे भित्रेपणा किंवा त्यातून येणारा आक्रमकपणा दिसण्याची शक्यता वाढते. शिवाय याच आठवड्यांत लसीकरण पूर्ण झालेले नसते, त्यामुळे त्याला मोकळे न सोडता उचलून बाहेर नेऊन जग दाखवावे लागते. त्यासाठी माणूसच हवा. खेळणी किंवा कॅमेरा ते काम करू शकत नाहीत.

तरीही विद्यार्थ्यांना पिल्लू सांभाळताच येत नाही, असे मी म्हणणार नाही. लहान पिल्लू दिवसाचे 18 ते 20 तास झोपते, त्यामुळे घरी बसून अभ्यास करणाऱ्याच्या पायाशी ते सुखाने वाढू शकते. म्हणून आठवड्याचे वेळापत्रक कागदावर तासातासाने मांडावे आणि प्रत्येक तासापुढे पिल्लाजवळ असणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे. ‘कोणीतरी असेलच’ असे लिहू नये. सोबत राहणाऱ्या मित्रांनी उत्साहाने होकार दिला असेल, तर त्यांना परीक्षेच्या आठवड्याबद्दल आवर्जून विचारावे, कारण त्या आठवड्यात त्यांचीही परीक्षा असते. पशुवैद्याचा खर्च कोण करणार, हेही त्याच कागदावर यावे.

‘एकदा आणले की शेवटपर्यंत सांभाळायचे’ असे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यामागच्या जबाबदारीच्या भावनेचा मला आदर आहे. पण कुत्रा साधारण 10 ते 15 वर्षे जगतो, आणि त्यातली पहिली काही वर्षे त्याने बंद दाराकडे बघत काढावीत, यात जबाबदारी कुठे आहे? टाळाटाळ केल्याने त्याचेच नुकसान होते. लहान पिल्लू नव्या घरी सहसा लवकर रुळते आणि त्याला घेणारेही मिळतात. एकटेपणाने बिथरलेल्या, अंगात मस्ती आलेल्या वर्षभराच्या कुत्र्याला घर मिळणे फार अवघड होऊन बसते.

द्यायचे ठरले, तर ज्यांच्याकडून आणले त्यांना प्रथम कळवावे. दत्तक देणाऱ्या अनेक संस्थांची तशी अटच असते. पहिल्या मागणाऱ्याला लगेच हो म्हणू नये. त्याचे घर स्वतः जाऊन पाहावे, दिवसा घरी कोण असते, पिल्लू कुठे झोपेल आणि पूर्वी कुत्रा पाळला असल्यास त्याचे काय झाले, हे न संकोचता विचारावे. लसीकरणाची नोंद, सवयीचे थोडे खाणे आणि त्याच्या अंथरुणाचा एखादा तुकडा सोबत द्यावा. खाणे एकदम बदलले तर पोट बिघडू शकते. पहिले काही दिवस ते कमी खाईल, कोपऱ्यात बसेल किंवा रात्री रडेल, याची नव्या माणसांना आधीच कल्पना द्यावी, आणि काही केल्या जमले नाही तर त्यांनी ते इतरत्र न देता आपल्यालाच कळवावे, असे त्यांच्याकडून लेखी घ्यावे.