आयपी६८ फोन आहे, मग वेगळा कॅमेरा कशाला?

मालवण-तारकर्लीचा स्कूबाचा (पाण्याखाली बुडी मारण्याचा) हंगाम सुरू झाला की सहलीच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो: फोन आयपी६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन) असेल तर बिनधास्त पाण्यात न्या. धाकधूक वाटत असेल तर प्लास्टिकचं पाऊच घ्या, अंधार वाटला तर फ्लॅश मारा, रंग नंतर ॲपमध्ये परत आणा. हाउसिंग (कॅमेऱ्याभोवतीचं जलरोधक कवच) आणि पाण्याखालचे कॅमेरे म्हणजे नुसता खर्च, आणि हाउसिंगही गळतंच. हा सल्ला ऐकून चांगले फोन कायमचे बंद पडतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

‘आयपी६८ म्हणजे वॉटरप्रूफ’

यातल्या ८ चा अर्थ इतकाच की फोन १ मीटरपेक्षा खोल पाण्यात टिकतो. किती खोल आणि किती वेळ, ते कंपनी ठरवते. सॅमसंग गॅलेक्सी एस मालिकेसाठी दीड मीटर आणि ३० मिनिटं सांगते. आयफोन १२ पासूनच्या बहुतेक मॉडेलना ॲपल ६ मीटर आणि ३० मिनिटं देते. ही चाचणी नव्या फोनवर, स्थिर पाण्यात होते. स्कूबात तुम्ही हातपाय हलवता, आणि १० मीटरवर दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट असतो. फोनच्या आतलं सील हे बरंचसं चिकटवलेलं असतं. फोन पडला, तापला, स्क्रीन बदलून घेतली की ते पहिल्यासारखं राहत नाही. ॲपल स्वतःच म्हणते की हे संरक्षण कायमचं नाही, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही.

शिवाय खारं पाणी. चार्जिंगच्या खाचेत थेंबभर राहिलं आणि फोन चालू असला, तर विजेमुळे तिथल्या पिना झपाट्याने गंजतात. आणि ओल्या स्क्रीनला बोट कुठलं आणि पाणी कुठलं, हे कळतच नाही.

‘मग पाऊच घ्या’

पाऊच होडीतल्या शिंतोड्यांसाठी ठीक आहे. खाली गेलं की आतली हवा आकसते, १० मीटरवर निम्मी होते, आणि प्लास्टिक स्क्रीनला घट्ट चिकटतं. टच एकतर सतत लागलेला राहतो, नाहीतर लागतच नाही. फोनच न्यायचा असेल तर कडक हाउसिंग घ्या, ज्यात बाहेरच्या बटणांनी कॅमेरा चालतो. सीलाइफ स्पोर्टडायव्हरसारखं हाउसिंग ४० मीटरपर्यंत चालतं, आणि आतली हवा ओढून सील नीट बसलंय की नाही हे बुडी मारण्याआधीच तपासता येतं.

‘अंधार असेल तर फ्लॅश’

मालवणच्या पाण्यात बऱ्याचदा काही मीटरपलीकडचं दिसत नाही, कारण त्यात गाळ आणि सूक्ष्म जीव तरंगत असतात. फ्लॅश लेन्सला चिकटून असला की त्याचा उजेड या प्रत्येक कणावरून सरळ लेन्समध्ये परत येतो. माशासमोर पांढऱ्या ठिपक्यांचा पडदा उभा राहतो, आणि तो नंतर पुसता येत नाही. उपाय दोन. स्ट्रोब (पाण्याखालचे वेगळे फ्लॅश) लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना, पोर्टच्या (लेन्ससमोरच्या काचेच्या) किंचित मागे लावा आणि तोंडं जराशी बाहेर वळवा, म्हणजे उजेडाची फक्त कड विषयावर पडते. दुसरा उपाय फुकट आहे: जवळ जा. दृश्यमानता ५ मीटर असेल तर विषय १ मीटरच्या आत हवा. दुरून झूम केलं की मधला गाळही मोठा होतो.

‘रंग ॲपमध्ये येतात’

पाणी सगळ्यात आधी लाल रंग शोषतं. ५ मीटरवर तो बहुतेक गेलेला असतो. त्यात विषयापासून कॅमेऱ्यापर्यंतचं पाणीही मोजायचं: ५ मीटर खोलीवरचा मासा ३ मीटरवरून टिपला तर उजेडाने जवळपास ८ मीटर पाणी कापलेलं असतं. जे सेन्सरवर पोचलंच नाही ते ॲप कुठून आणणार? लाल वाढवायला जावं तर फोटोत नुसते ठिपकेदार दाणे वर येतात. म्हणून रॉमध्ये (सेन्सरची सगळी माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा, पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी) घ्या आणि खोली दोन-तीन मीटरने बदलली की पुन्हा घ्या. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो. आपल्या किनाऱ्यावरच्या हिरवट पाण्याला मजेंटा (गुलाबी-जांभळा) लागतो. स्ट्रोब चालू असताना मात्र फिल्टर काढून ठेवा.

‘उगाच खर्च’

आयुष्यात एकदाच बुडी मारणार असाल तर खरंच काही घेऊ नका. कान मोकळे करणं आणि श्वास याकडेच लक्ष हवं. पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांनी काय टिपायचं ते आधी ठरवावं. गोप्रो हिरो ब्लॅक हा ॲक्शन कॅमेरा विनाहाउसिंग १० मीटर आणि हाउसिंगसह ६० मीटर जातो, व्हिडिओ उत्तम. पण साधारण ३० सेंटिमीटरच्या आतलं धूसर येतं. न्युडिब्रँकसारखे (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) इवलेसे जीव हवे असतील तर ओएम सिस्टिमचा टीजी-७ हा छोटा कॅमेरा घ्या: विनाहाउसिंग १५ मीटर, हाउसिंगसह ४५ मीटर, आणि लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस. मिररलेस (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) त्यानंतर, तरंगण्यावर ताबा आल्यावर. तोवर हातातला जड संच प्रवाळाला धडकतो आणि वर्षानुवर्षं वाढलेली फांदी मोडते.

‘हाउसिंगही गळतंच’

गळतं, पण बहुतेक वेळा निष्काळजीपणामुळे, आणि अनेकदा पहिल्या मीटरभरातच, कारण तिथे ओ-रिंग (झाकणाची फट बंद करणारी रबरी कडी) दाबून धरायला पाण्याचा पुरेसा दाब नसतो. ओ-रिंग काढायला पिन किंवा चाकू वापरू नका, प्लास्टिक कार्डाची कड पुरते. डोळ्यांवर विसंबू नका. रिंग दोन बोटांमधून सावकाश फिरवा. वाळूचा एक कण किंवा एक केस नखाला अडकल्यासारखा जाणवतो, आणि तेवढ्यानेही पाणी आत येतं. मग कंपनीनेच दिलेलं ग्रीस, रिंग नुसती चकचकीत दिसेल इतकंच. ग्रीस पाणी अडवत नाही, रिंग नीट बसायला मदत करतं. जास्त झालं की वाळू धरतं. हाउसिंग एसी खोलीत बंद करा आणि आत सिलिका जेल (ओल शोषणारी पुडी) टाका, नाहीतर कोकणातली दमट हवा थंड पाण्यात काचेवर धुकं धरते. पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू ठेवून बुडवून पाहा. हातात कॅमेरा घेऊन उडी मारू नका, पाण्यात उतरल्यावर होडीवरच्या माणसाकडून मागून घ्या. बाहेर आल्यावर बंद हाउसिंग अर्धा तास गोड्या पाण्यात ठेवा आणि पाण्यातच एकेक बटण दाबत राहा, म्हणजे आत बसलेलं मीठ सुटतं.