आंतरशाखा ताळमेळ

साताऱ्यातील एका सहकारी बँकेत मी ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यांतील १८ वर्षे माझ्याकडे आंतरशाखा ताळमेळाचे टेबल होते. हे काम ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या नावे टाकलेली रक्कम त्या शाखेने जमा धरली आहे की नाही, धरली असल्यास तेवढीच धरली आहे की नाही, आणि धरली नसल्यास ती मधल्या मध्ये कोठे मुक्कामाला थांबली आहे, हे शोधून काढायचे. पंधरा शाखांचा असा मेळ मी दर महिन्याला घालत असे आणि पैशाचा फरक निघाला तरी रात्री नऊपर्यंत बसत असे. निवृत्तीच्या समारंभात याचा उल्लेख झाला, शाल आणि श्रीफळ मिळाले. गेल्या जानेवारीपासून माझ्या घरात दोनच शाखा आहेत, एक फोन आणि एक टॅबलेट, आणि त्या दोघांनी माझे पुरते दिवाळे काढले.

टॅबलेट शिकागोहून आला. आमची लेक तिकडे संगणकाच्या क्षेत्रात काम करते. डिसेंबरात ती आली, तेव्हा मी चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाला लावून वाचतो हे तिच्या लक्षात आले आणि जाताना तिने स्वतःचा टॅबलेट माझ्या हाती ठेवला. ‘‘बाबा, दोन्हींवर तुमचेच खाते घातले आहे. इकडे लिहिले की तिकडे आपोआप दिसेल,’’ असे ती म्हणाली. ‘आपोआप’ हा शब्द ऐकताच माझ्यातला हिशेबनीस सावध व्हायला हवा होता. बँकेत आपोआप अशी एकच गोष्ट होत असे, ती म्हणजे फरक पडणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता चहा घेताना पाहतो, तर टॅबलेटच्या घड्याळात आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले होते. घड्याळ मागे पडले की काटे पुढे करायचे असतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी सेटिंगमध्ये शिरून वेळ बरोबर साडेअकरा तासांनी पुढे केली, तारीखही सुधारली आणि एक काम मार्गी लागल्याच्या समाधानाने उरलेला चहा प्यालो. त्याच पानावर खालच्या ओळीत ‘टाइम झोन’ या शब्दांपुढे शिकागो असे लिहिलेले मी पाहिले होते. परंतु ती टॅबलेटच्या जन्मगावाची नोंद असावी, असे मी समजलो. पासपोर्टवर नाही का असते?

पुढच्याच आठवड्यात मोतीबिंदूच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी गुरुवारी सकाळी अकराची वेळ दिली. ती मी फोनमध्ये नोंदवली आणि अर्धा तास आधी आठवण करण्यास सांगितले. बुधवारी रात्री बरोबर अकरा वाजता उशाजवळचा टॅबलेट मंदिरातील घंटेप्रमाणे वाजू लागला. उठून पाहिले तर ‘डोळे तपासणी, बुधवार, रात्री ११.३०’ अशी नोंद होती. ‘‘अहो, अकराचीच वेळ सांगितली होती ना तुम्ही?’’ असे पत्नीने अंथरुणातूनच विचारले आणि ती पुन्हा झोपली. चूक सापडली की ती जागच्या जागी दुरुस्त करून बाजूला सही करावी, या सवयीने मी टॅबलेटवरील नोंद खोडून ‘गुरुवार, सकाळी ११’ अशी केली. गुरुवारी सकाळी फोन वाजलाच नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून पत्नीनेच मला वेळेवर नेऊन आणले. त्या रात्री दहा वाजता, डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे मी अजून धूसरच पाहत असताना, फोन वाजला आणि साडेदहाला डोळे तपासायचे असल्याचे त्याने कळवले. मी टॅबलेटला सकाळचे अकरा सांगितले होते. त्याने ते शिकागोतील सकाळचे अकरा समजून प्रामाणिकपणे भारतीय वेळेत उतरवून फोनला पाठवले होते. गणित अगदी चोख होते. अशाच चोख गणिताने मी एकेकाळी शाखाव्यवस्थापकांना रडवले आहे.

तेव्हा मात्र यातले काहीच मला ठाऊक नसल्यामुळे, फोन म्हातारा झाला आहे असा निष्कर्ष मी काढला आणि लक्ष नावांच्या यादीकडे वळवले. फोनमध्ये ४१२ नावे होती आणि टॅबलेटमध्ये ७७२. फरक ३६०. आता आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे: फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कोणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असावी असे धरून चालायचे, म्हणजे ४५ च्या जागी ५४ लिहिले गेले असणार. ३६० ला नऊने भाग जातो. हे पाहून मला जो आनंद झाला, तो मी लपवत नाही. संपूर्ण रविवार मी उलटे लिहिलेले दूरध्वनी क्रमांक शोधण्यात घालवला आणि संध्याकाळी वहीत ‘तपासले, आढळले नाही’ असा शेरा मारला.

खरे कारण फारच साधे निघाले. फोन एकाच खात्यातील नावे दाखवत होता, तर टॅबलेट माझ्या तिन्ही जन्मांतील, म्हणजे जुन्या सिमकार्डवरून उचललेली, बंद पडलेल्या ईमेल खात्यातील आणि चालू खात्यातील अशी सगळीच. त्यामुळे ‘दूधवाला’, ‘दूधवाला नवा’ आणि ‘दूधवाला नवा खरा’ असे तिघे तेथे गुण्यागोविंदाने राहत होते. त्यांतील दोघांचा क्रमांक एकच होता. एकाच्या आधी शून्य होते, दुसऱ्याच्या आधी +९१.

दुहेरी नावे एकत्र करण्याचे बटण असते, ते मी दाबले. बऱ्याच जोड्या जुळल्या, परंतु ‘कऱ्हाडचे काका’ काही केल्या एक होईनात. दोन्ही नावे मी भिंग लावून पाहिली. कान्यामात्रेचाही फरक नव्हता. लेकीला फोनवर विचारले, तेव्हा तिने जे सांगितले ते ऐकून मला आपल्या लिपीबद्दल आदरही वाटला आणि भीतीही. कऱ्हाडमधील तो चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवायचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. फोनचा कळफलक एका पंथाचा होता, टॅबलेटचा दुसऱ्या. ‘ॲम्ब्युलन्स’चीही तीच कथा. ॲ हे मराठीचे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांनी मान्य केलेल्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत, २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वी अ वर चंद्रकोर बसवून काम भागवावे लागे आणि काही कळफलक अजूनही तसेच भागवतात. तात्पर्य, माझ्याकडे दोन रुग्णवाहिका आहेत आणि त्या परस्परांना ओळखत नाहीत. स्वतः काका तर एकच आहेत आणि हे ऐकून ते बरेच खूश झाले.

जानेवारीच्या अखेरीस पत्नीच्या भाचीने बारावीच्या अभ्यासासाठी टॅबलेट मागितला आणि तो कोल्हापूरला गेला. माझे मेव्हणे शिस्तीचे असल्याने त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचे इंटरनेट बंद केले. इकडे मला मोकळे रान मिळाले. फोनमध्ये तिन्ही खाती उघडून, चार संध्याकाळी बैठक मारून, मी ३६० नावे हाताने पुसली. ४१२ चा आकडा स्वच्छ उरला. ‘ताळमेळ पूर्ण’ असे लिहून मी वहीत तारीख घातली आणि खाली दुहेरी रेघ मारली.

मार्चमध्ये कोल्हापुरात एक चमत्कार झाला, तो मला नंतर कळला. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. अंगात शिकागो असलेल्या टॅबलेटनेही त्या पहाटे इमानाने तसे केले. पाचचा गजर चारला होऊ लागला आणि मुलगी तासभर आधी उठून अभ्यास करू लागली. मेव्हण्यांनी याचे श्रेय स्वतःच्या शिस्तीला दिले आणि आजतागायत तसेच ठेवले आहे. परीक्षेनंतर टॅबलेट परत आला, तेव्हा तो एक तास पुढे आहे हे पाहून मी तो एक तास मागे केला. घड्याळ सुधारण्याची ही माझी दुसरी वेळ.

मग मी त्याला घरच्या इंटरनेटशी जोडले. दहा मिनिटांनी फोनमध्ये ७७२ नावे होती.

पुसलेली ३६० च्या ३६० नावे जिवंत होऊन परतली होती. लेक म्हणाली, की पुसणे हे दोन यंत्रांमधले सर्वांत अवघड काम असते, कारण नसलेल्या गोष्टीची बातमी पाठवायची असते. त्यासाठी पुसलेल्या नोंदीच्या जागी ‘ही गेली’ अशी खूण ठेवतात आणि संगणकवाले त्या खुणेला चक्क थडग्याचा दगड म्हणतात. काही व्यवस्थांत ठरावीक मुदतीनंतर हे दगडही काढून टाकतात. एखादे यंत्र त्या मुदतीहून अधिक काळ गावाला गेलेले असेल, तर परतल्यावर त्याला कोणाच्या जाण्याचा पत्ताच लागत नाही आणि आपल्याकडील माणसे नवीन आहेत असे समजून ते सर्वांशी त्यांची पुन्हा ओळख करून देते. मला हे लगेच समजले. आपल्याकडे सुतकाची बातमी उशिरा पोहोचली, तर किती दिवस पाळायचे याचे नियम आहेत. टॅबलेटच्या घराण्यात ते नसावेत, एवढेच. ‘‘पण मूळ खतावणी यांतली कोणती?’’ हा माझा कळीचा प्रश्न होता. बँकेत पासबुक चुकू शकते, खतावणी हीच खरी. ‘‘दोन्ही नाहीत, बाबा. मूळ सर्व्हरवर असते,’’ असे ती म्हणाली. म्हणजे इतके दिवस मी दोन पासबुके एकमेकांशी ताडून पाहत होतो. माझ्या हाताखालच्या कारकुनाने असे केले असते, तर मी त्याला मेमो दिला असता.

फोटोंबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या विषयावर घरात अजून शांतता नाही. टॅबलेट भरला म्हणून पत्नीने त्यावरील सुप्रभातची चित्रे पुसली, त्या ओघात पुतणीच्या साखरपुड्याचे फोटोही गेले आणि ‘‘तुमच्या फोनमध्ये आहेतच की,’’ असे म्हणून ती निर्धास्त राहिली. ते फोनमध्येही उरले नव्हते. कार्बन लावून काढलेली प्रत मूळ कागद फाडला तरी राहते. हा कार्बन नसून आरसा आहे, हे आम्हा दोघांना एकाच वेळी कळले. कचरापेटीत हात घातल्यावर फोटो मिळाले.

या सर्वांवर कळस चढवला तो साखरेने. वाणसामानाची यादी आम्ही एका नोंदवहीच्या ॲपमध्ये करतो. सकाळी नऊला पत्नी टॅबलेटवर ‘साखर १ किलो’ असे लिहिते. साडेदहाला मी दुकानातून साखर घेऊन फोनवर त्या ओळीवर काट मारतो. घरी येईपर्यंत काट नाहीशी झालेली असते. एका आठवड्यात मी तीनदा साखर आणली. तिसऱ्या वेळी दुकानदाराने ‘‘काही कार्य आहे का घरी?’’ असे विचारले.

अखेर रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे तिच्या शनिवारच्या रात्री अकराला, लेकीने व्हिडिओवरून टॅबलेटचे सेटिंग दाखवायला सांगितले. ते पाहून ती काही वेळ बोललीच नाही. मग तिने समजावले, की हे ॲप ‘जो शेवटी लिहील तो खरा’ या न्यायाने चालते आणि शेवटी कोण हे प्रत्येक यंत्राच्या घड्याळावरून ठरवते. मी काटे फिरवल्यामुळे टॅबलेट आधी साडेअकरा तास आणि एप्रिलपासून साडेदहा तास भविष्यात राहत होता. त्याने सकाळी नऊला लिहिलेल्या ओळीवर संध्याकाळी साडेसातचा शिक्का बसत असे. साडेदहाची माझी काट त्यापुढे कालची ठरे. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ सालीच दाखवून दिले होते, की दूरदूरच्या यंत्रांनी आधी काय आणि नंतर काय हे ठरवताना घड्याळांवर विसंबू नये. प्रत्येकाने आपल्या नोंदींना चढता क्रमांक द्यावा आणि दुसऱ्याचा निरोप आला की त्यावरील क्रमांकाहून मोठा क्रमांक घेऊन पुढे जावे. त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार २०१३ साठी मिळाला. आमच्या बारनिशीत, म्हणजे टपाल नोंदवण्याच्या टेबलावरही, आवक-जावक क्रमांकाशिवाय कागद हलत नसे. तेथील गृहस्थांना निवृत्तीच्या वेळी भिंतीवरचे घड्याळ मिळाले.

टाइम झोनच्या यादीत शिकागो काढून मी कोलकाता निवडले. साताऱ्याच्या माणसाने मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर ठरलेली वेळ कोलकात्याच्या नावाने घ्यायची, हे मला विचित्र वाटले. पण बोलण्याची सोय उरली नव्हती. मग ‘वेळ आपोआप ठरवा’ यासमोर टिचकी मारली आणि टॅबलेट वर्तमानात आला.

‘‘झाले?’’ मी विचारले.

‘‘झाले, पण आईने टॅबलेटवर शेवटचे कधी लिहिले?’’

‘‘सव्वानऊला.’’

‘‘म्हणजे त्यावर संध्याकाळी पावणेआठचा शिक्का आहे. तोपर्यंत यादीला हात लावू नका. तुम्ही काहीही लिहिले तरी ते जुनेच ठरेल.’’

अशा रीतीने त्या रविवारी आमचे घर पावणेआठ वाजण्याची वाट पाहत बसले. दोन्ही यंत्रे मी देवघराशेजारच्या फळीवर ठेवली आणि त्यांना कोणी शिवू नये म्हणून बाजूला खुर्ची टाकून पेपर वाचला. साडेपाचला पत्नीने आतून सांगितले, ‘‘अहो, चहापूड संपली आहे, लिहून ठेवा.’’ लिहिता येणार नाही, लक्षात ठेवतो, असे मी म्हणालो, पिशवी घेतली आणि चहापूड, चहापूड असे मनात घोकत दुकानाची पायरी चढलो. दुकानदाराने मला पाहताच काही न विचारता एक किलोची पुडी काउंटरवर ठेवली, मीही सवयीने पैसे दिले, आणि घरी आल्यावर पत्नीने पिशवीत हात घालून चौथा किलो साखर बाहेर काढली.