पट्टी लांब म्हणून मशीन मोठं होत नाही

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूरकडच्या शेतकरी ग्रुपांवर झाडं तोडायच्या कटर मशीनबद्दल (चेनसॉ) एक मेसेज हमखास फिरतो. त्यातली ‘पट्टी’ म्हणजे मशीनपुढची लांब पाती, जिच्या कडेने चेन फिरते. ‘झाड जेवढं जाड, तेवढी पट्टी लांब घ्या. २२ इंची पट्टीचं ५८ सीसी कटर मशीन आणा आणि चिंच, बाभूळ, आंबा, काहीही आडवं करा. मोठ्या मशीनवर नवखा माणूसही लगेच तयार होतो. चेनला गाडीचं जळकं ऑईल चालतं.’ यावर विसंबून लोक पैसे घालतात. पैशाचं एक वेळ सोडा, मला काळजी आहे ती हातापायांची. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘झाड जेवढं जाड, तेवढी पट्टी लांब.’ इथे पहिली गफलत मोजण्यातच होते. आपण झाडाचा घेर सांगतो, जाडी नाही. पाच फूट घेराचं झाड ऐकलं की छाती दडपते, पण ६० इंचांना ३.१४ ने भागा, जाडी येते जेमतेम १९ इंच. दुसरं म्हणजे आडवा पडलेला ओंडका एकाच बाजूने कापावा असं कुणी सांगितलंय? १८ इंची पट्टीने दोन्हीकडून घातलं तर ३० इंच जाडीचा ओंडका सुटतो. म्हणजे पावणेआठ फुटांहून जास्त घेर! बांधावर अशी झाडं किती असतात? उभं झाड पाडतानाही आधी पडायच्या बाजूला खाच घ्यायची, मग मागून काप द्यायचा आणि मध्ये जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याची बिजागरी, म्हणजे न कापलेलं लाकूड, राखायची. पट्टी खोडाभोवती फिरवत हे काम होतं.

‘२२ इंची पट्टीचं ५८ सीसी कटर मशीन आणा.’ खरी फसगत इथे आहे. सीसी म्हणजे इंजिनाचं आकारमान, ताकद नव्हे. हुस्क्वार्ना कंपनीचं ५६२ एक्सपी हे मशीन ५९.८ सीसीचंच आहे, पण त्याची ताकद ३.५ किलोवॅट. स्वस्त ५८ सीसी मशीनच्या खोक्यावर किलोवॅटचा आकडा शोधा, तो बहुधा अडीचच्या आतबाहेर दिसेल. पट्टी जितकी लांब, तितके जास्त दात एकाच वेळी लाकडात रुततात आणि तो सगळा भार इंजिनावर येतो. चेन मंदावते, माणूस वरून दाबतो, क्लच घसरून तापतो. ४५ ते ५० सीसीला १६ ते १८ इंच, चांगल्या ६० सीसीला २० इंच, ७० च्या वर २४ इंच, आणि ३० इंचांच्या पुढे जायचं तर ९० सीसी, असा साधारण मेळ बसतो. वाळलेली बाभूळ किंवा चिंच असेल तर पट्टी यातूनही एक पायरी लहान घ्या.

लांबीपेक्षा धार जास्त काम करते, हे मेसेजवाला सांगतच नाही. मशीनखाली पडणारा भुसा हातात घेऊन बघा. जाडसर काप पडत असतील तर चेन ठीक आहे. पिठासारखी भुकटी पडत असेल तर थांबा, मशीन बंद करून चेन गार होऊ द्या आणि कानस घ्या. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. प्रत्येक दाताला आतून बाहेर, एकाच दिशेने, सारखेच दोन-तीन हात द्या. दातापुढचा ठेपा, म्हणजे छोटा उंचवटा, दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो उंच राहिला तर दात लाकूड धरतच नाही. बांधावरच्या झाडाने कधीकाळी ठोकलेली काटेरी तार गिळलेली असते. तिला चेन एकदा लागली की नव्या चेनचीही धार गेली.

‘नवखाही लगेच तयार होतो.’ नाही, आणि हे वाक्य पुढे ढकलणाऱ्याने थोडा विचार करावा. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला लागला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. पट्टी लांब असेल तर टोक ओंडक्यापलीकडे जातं, तिथे दगड आहे की फांदी हे दिसत नाही. पुढचं वजन वाढतं, हात लवकर भरून येतात. मशीन उसळल्यावर चेन थांबवणारा चेन ब्रेक चालतो का हे रोज तपासा, आणि मशीन खांद्याच्या वर कधीच नेऊ नका.

जळक्या ऑईलचं थोडक्यात सांगतो. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तो पट्टीची खाच आणि तेलाचा पंप खातो. ते अंगावर उडतं, कातडीलाही वाईट. लांब पट्टीला तर तेल जास्तच लागतं.

‘काहीही आडवं करा’ हेही चूक. आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. स्वतःच्या रानातली असली तरी परवानगी लागते.

लांब पट्टीची खरी गरज एकाच कामाला पडते: ओंडक्याच्या उभ्या फळ्या काढायला. तिथे पट्टी ओंडक्याच्या रुंदीपेक्षा मोठीच हवी, पण मागे ९० सीसीच्या घरातलं इंजिन आणि उभ्या चिरकामाची वेगळी चेनही हवी. एकदोन ओंडक्यांसाठी एवढा खर्च करण्यापेक्षा ट्रॅक्टरवर घालून सॉ मिलला न्या. फळ्या सरळ निघतील.