ल्यूवर हसणाऱ्या आमच्या ग्रुपसाठी

सकाळी सकाळी डोकं सटकलं. आमच्या जुन्या बास्केटबॉल टीमच्या ग्रुपवर एकानं रील टाकली, तीच, दर दोन महिन्यांनी कुणीतरी टाकतंच. एनबीएची, म्हंजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, २००१ ची फायनल, लेकर्सच्या बेंचसमोर फिलाडेल्फियाचा स्टार आयव्हर्सन शॉट मारतो, अडवायला आलेला पोरगा खाली पडतो अन् हा त्याच्या अंगावरून ढांग टाकून पुढं जातो. खाली लिहिलंय ‘हाच का सरांचा हिरो’ आणि हसून हसून रडणारे चेहरे, अकरा. मोजले मी. त्यातले सहा जण सरांच्या, म्हंजे आमच्या कोचच्या, हाताखालचे.

पडलेल्याचं नाव टायरॉन ल्यू. सरांनी आपल्याला ही क्लिप कशासाठी दाखवली होती आठवतंय का कुणाला? सायबर कॅफेत, आठ जण एका खुर्चीभोवती, अन् सर स्क्रीनला बोट लावून, ‘बॉल नका बघू, ह्याचे पाय बघा.’ आयव्हर्सननं त्या मॅचला पहिल्या हाफमध्येच ३० पॉइंट मारले होते, कुणाला आवरत नव्हता, मग लेकर्सचा कोच फिल जॅक्सननं बेंचवरून ह्या बारक्याला उठवला अन् हा गोचिडासारखा चिकटला, बराच वेळ आयव्हर्सनचा हातच चालेना. शेवटी मॅच ओव्हरटाईमला गेली, आयव्हर्सनचे ४८ झाले, फिलाडेल्फिया जिंकली, ते आहेच. पण लेकर्स त्या अख्ख्या प्लेऑफमध्ये तेवढी एकच मॅच हरले अन् कप ल्यूच्याच टीमकडं गेला, हे रीलमध्ये नसतंय. सर म्हणायचे, ‘पडला म्हंजे जवळ होता लेका. लांब उभारलेला पडत नसतो.’

बरं हा माणूस काही स्टार नव्हता, कधीच नव्हता. १९९८ च्या ड्राफ्टला, म्हंजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथं, तेविसावा. अकरा सीझन, सात टीम. लॉस एंजेलिस, मग वॉशिंग्टन (तिथं बाजूला म्हातारा झालेला जॉर्डन), मग ऑर्लँडो, ह्यूस्टन, अटलांटा, डॅलस, मिलवॉकी अन् फिरून ऑर्लँडो. बिऱ्हाड पाठीवर. आपल्याकडं असल्या माणसाला कुठं टिकला नाही म्हणतात.

सर मोजायचे, ‘माझ्यापेक्षा एक टीम जास्त.’ सरांच्या सहा. विद्यापीठ, सोलापूरचा एक क्लब, एका साखर कारखान्याची टीम, नांदेड, पुण्यात दोन वर्षं, शेवटी हैदराबादकडं कुठंतरी. पाचशे रुपये अन् जेवण, ह्यावर ओपन टूर्नामेंट खेळायला जायचे, लाल डब्यात रात्रभर उभे राहून, अन् पोचल्यावर चाळीस मिनिटांतली सहा मिनिटं कोर्टवर. त्या सहाही जर्सींची काकूंनी वाकळ शिवली. सहा तुकडे, सहा नंबर, एकही नंबर सरांना दोनदा मिळाला नाही. एका कोपऱ्याला कापड पुरलं नाही म्हणून जुन्या लुगड्याचा तुकडा लावलेला.

त्याच वाकळीवर बसून आपण २० जून २०१६ ची सकाळ घालवली. कोण कोण होतं ते मला चांगलं आठवतंय, हसणाऱ्यातले दोघं पण होते. तेच साल, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, टाक्यांपाशी १४४ कलम लावलेलं, आणि सरांनी प्रॅक्टिस अर्ध्या तासावर आणली होती कारण ‘घामेजून घरी गेलात तर तुमच्या आईनं आंघोळीला पाणी कुठून आणायचं’. आता सांगा, हे कुठल्या कोचिंग सर्टिफिकेटात शिकवतात?

तर ती एनबीए फायनलची सातवी, शेवटची मॅच. क्लीव्हलंड आधी ३-१ नं मागं होतं, समोर गोल्डन स्टेट, त्या सीझनला ७३ जिंकून फक्त ९ हरलेली टीम. अन् क्लीव्हलंडचा कोच कोण तर ल्यू, तोबी जानेवारीत आधीच्या कोचला काढल्यावर बसवलेला. तिसऱ्या क्वार्टरला आपली लाईट गेली. आली तेव्हा ८९-८९. ते ८९-८९ किती वेळ हललंच नाही, काकूंचा चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही, मग क्लीव्हलंडचा स्टार लेब्रॉननं मागून पळत येऊन तो ब्लॉक केला, त्यांच्याच अर्व्हिंगनं तीनचा टाकला, शेवटी ९३-८९. सगळे उड्या मारायलेले अन् टीव्हीवर ल्यू बेंचवर बसून तोंड झाकून रडायला. सर उड्या मारत नव्हते. वाकळीवरच्या एका नंबरावरून हात फिरवायले होते. मला त्यावेळी वाटलं चहा सांडला असंल.

हां, लेब्रॉन होता म्हणून जिंकला. मान्य. लेब्रॉन असल्यावर कुणीबी जिंकतंय म्हणणाऱ्यांनी त्याच्या आधीच्या कोचलापण विचारावं. त्या मॅचला हाफटाईमला सात पॉइंट मागं असताना ल्यूनं झापलं कुणाला, तर लेब्रॉनलाच, असं नंतर वाचलं. बेंचवर अकरा वर्षं काढलेल्या माणसाला कुणाचा राग येईल ह्याचं भ्याव राहत नसावं. अन् समोरच्या बेंचवर कोण होता? गोल्डन स्टेटचा कोच स्टीव्ह कर. तोबी तसलाच, १९८८ ला पन्नासावा घेतलेला, सहा टीम फिरलेला. पुढं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेचा कोच कर अन् त्याच्या हाताखाली हाच ल्यू, गोल्ड मेडल. उलट मॅजिक जॉन्सन, देवमाणूस, त्याच्यासारखा पास देणारा परत झाला नाही, १९९४ ला लेकर्सचा कोच झाला, सोळा मॅचमध्ये पाच जिंकल्या, अकरा हरल्या अन् नको म्हणून सोडून दिलं. त्याला दिसायचं ते दुसऱ्याला का दिसत नाही हे तो सांगणार कसं. (लॅरी बर्ड पण तसलाच मोठा खेळाडू अन् चांगला कोच झाला. माहीत आहे. लगेच कमेंटला येऊ नका.)

एवढं का लिहायलोय तर काल सरांना शाळेनं काढलं. नाव घेत नाही, लातूरकरांना कळंल. नऊ वर्षं मानधनावर होते, ते पण तीन तीन महिने थकलेलं. कारण काय, तर ‘फ्लेक्सवर टाकायला नॅशनल खेळलेला कोच पाहिजे’. फ्लेक्सवर! पोरांना डिफेन्सला गुडघा किती वाकवायचा ते फ्लेक्स सांगणार का? नव्या माणसाबद्दल माझं काही म्हणणं नाही, भारी खेळायचा, मी स्वतः बघितलाय. पण सरांना निदान तोंडावर तरी सांगायचं होतं, शिपायाच्या हातानं चिठ्ठी काय पाठवता. मायला, नऊ वर्षं.

तसं आपल्या गावात कोच म्हणलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, नीटचे क्लास आणि हरंगुळची रेल्वे कोच फॅक्टरी. ह्यांना खेळाच्या ग्रेस मार्काच्या फॉर्मवर सही करायला मात्र सर आठवायचे. मीबी त्यातलाच, दहावीला माझे मार्क तिथूनच वाढले.

दुपारी सरांकडं जाऊन आलो. वाटलं खचले असतील, तर अंगणात बसून सायकलच्या पंपानं बॉलमध्ये हवा भरायले होते. उद्यापासून क्रीडा संकुलाच्या कोर्टवर सकाळी सहाला फुकट घेणारैत म्हणे. कोर्ट म्हंजे काय, मागच्या लग्नसराईत मांडवाचे खुंटे ठोकलेले, तीन ठिकाणी फरशी उचकटलेली, एका रिंगला जाळी नाही. पोरं किती येतील विचारलं तर ‘चार आली तरी टू-ऑन-टू होतंय’.

रीलचं मी त्यांना सांगितलंच नाही. त्यांनीच विषय काढला, ‘ल्यूची टीम कशी चाललीय, आमच्याकडं आता ते चॅनेल लागत नाही.’

निघताना कळलं, शाळेनं चिठ्ठीत शेवटी असंबी लिहिलंय की ‘कोच’ छापलेला टी-शर्ट शाळेची मालमत्ता आहे, धुऊन परत करावा. सर घडी घालून पिशवीत भरायले होते, मला म्हणले, ‘शाळेत नेऊन दे.’ काकूंनी पिशवीतून काढून घेतला. म्हणल्या, ‘द्यायचा न्हाई. लुगडं फाटलंय, वाकळंला कोपरा पाहिजेच होता.’