गोल दगड दिसले की लगेच महापूर?

एकावर एक रचल्यासारख्या गोल ग्रॅनाइट दगडांचे फोटो आणि खाली एक मजकूर, बऱ्याच जणांकडे आलाच असेल. त्यात म्हटलंय की ग्रॅनाइट झिजत नाही, त्यामुळे हे दगड महापुरातच घासून गोल झालेत, तडे पडलेत ते उन्हाने, आणि कुजलेला (म्हणजे जागेवरच भुसभुशीत झालेला) ग्रॅनाइट दिसला की तिथे पूर्वी उष्ण दमट हवामान होतं. यातलं शेवटचं अर्धंमुर्धं खरं आहे, बाकी सगळी गडबड.

ग्रॅनाइट झिजत नाही? अहो, त्यातलं क्वार्ट्झ (गारेचं खनिज) चिवट असतं हे मान्य, पण जास्त भरणा फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाचा असतो आणि पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून जे सौम्य ॲसिड होतं ते फेल्डस्पारची हळूहळू चिकणमाती करतं. काळा अभ्रक तर त्याच्याही आधी बदलतो, फुगतो, शेजारचे कण सुटे करतो, की झाला मुरूम.

आता महापूर. हे दगड गोल होतात ते जागच्या जागी, जमिनीखाली. खडकात उभे-आडवे तडे असतात त्यामुळे त्याचे चौकोनी ठोकळे पडलेले असतात, पाणी तड्यांतून मुरतं, कोपऱ्यावर तीन बाजूंनी हल्ला, कडेवर दोन आणि सपाट बाजूवर एकाच, मग आधी कोपरे जाणार हे उघड आहे. नंतर मुरूम वाहून जातो आणि आतले गाभे एकमेकांवर बसलेले उरतात. खात्री करायची तर अशा भागातलं रस्त्याचं कटिंग बघा, कधीकधी क्वार्ट्झची शीर, म्हणजे खडकातली बारीक पट्टी, गोल गाभ्यातून निघून बाजूच्या मुरमात सलग गेलेली दिसते. दगड पुरात गडगडत आला असेल तर शीर जुळेल कशी? इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या अशाच खडकांवरून जुना वाद आहे, लिंटन या अभ्यासकांनी 1955 मध्ये म्हटलं की आधी उष्ण काळात जमिनीखाली कुजले मग उघडे पडले, 1962 मध्ये पामर आणि नील्सन म्हणाले की नाही, हे हिमयुगातल्या गोठण-वितळणीचं काम. भांडण हवामानावरून, महापूर कुणाच्याच डोक्यात नव्हता!

उन्हाचं म्हणाल तर ग्रिग्ज या संशोधकांनी 1936 मध्ये ग्रॅनाइटचा तुकडा 89,400 वेळा तापवून थंड केला, कोरडा असताना काहीही दिसलं नाही, पण थंड करताना पाणी मारल्यावर थोड्याच दिवसांत पृष्ठभाग बिघडला. ऊन काहीच करत नाही असं नाही, अमेरिकेतल्या योसेमिटीत उन्हाने खडकाचे पापुद्रे रोज थोडे उघडमीट होताना मोजलेत, पण एकट्या उन्हावर सगळं ढकलू नका.

राहिला हवामानाचा मुद्दा, आणि खरी मजा इथेच आहे. नुसता भुसभुशीत मुरूम, चिकणमाती अगदी कमी, असा तर थंड-समशीतोष्ण भागातही होतो. जाडच्या जाड केओलिन (फेल्डस्पारपासून झालेली पांढरी चिकणमाती) असेल तर उष्ण दमट काळाचा संशय घ्यायला जागा आहे, पण तो काळ कोणता हे वर काय पडलंय त्यावरून कळतं. दक्षिण स्वीडनमध्ये जुन्या खडकाचं असं केओलिन क्रिटेशस काळातल्या (डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या) सागरी थरांखाली गाडलेलं सापडतं, म्हणजे ती कूज समुद्र चढण्याआधीची, आजच्या थंडीशी तिचा संबंध नाही. आणि हिमयुगातल्या बर्फाने जुनी कूज नेहमी खरवडून जाते असंही नाही, स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांवर हिमयुगात बर्फाची चादर होती तरी ग्रॅनाइटचे उभे सुळके आणि मुरमाचे कप्पे शाबूत राहिलेत, कारण माथ्यावरचा बर्फ तळाशी खडकाला गोठून चिकटला होता, सरकून घासणारा नव्हता.