कामगाराशी 'अंतर ठेवा' सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

'कामगार टिकवायचा असेल तर अंतर ठेवा' असा एक मेसेज कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा तो माझ्या मामेभावाकडं पोचला. तो एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे, आणि मालकांनीच पाठवून खाली लिहिलंय, 'यापुढं असंच वागायचं.' म्हणून गप्प बसवत नाही. मेसेजचं म्हणणं असं : माणूस फक्त पैशासाठी जातो, एकट्याला बसवून बोललं की डोक्यावर चढतो, वर्षाचा आढावा पुरतो, आणि जायचं कारण राजीनाम्यानंतर विचारावं.

पैशाचं अर्धं खरं आहे. चाकणला जास्त मिळतात म्हणून इथली पोरं जातात, आणि पगार तोकडा असेल तर नुसत्या बोलण्यानं कुणी थांबत नाही. पण गॅलप या पाहण्या करणाऱ्या अमेरिकी कंपनीनं २०१५ साली अमेरिकेतल्या ७,२७२ जणांच्या पाहणीचा निष्कर्ष मांडला, त्यात निम्म्या लोकांनी कधी ना कधी साहेबापासून सुटायला नोकरी सोडली होती. देश वेगळा असला तरी साहेब आणि हाताखालचा माणूस सगळीकडं असतातच. 'फक्त पैसा' हे म्हणणं इथंच संपतं.

सगळ्यात घातक मुद्दा डोक्यावर चढण्याचा. मामेभावाच्या लाइनवरचा एक चांगला मोल्डर (साचे करणारा) सेकंड शिफ्टला सारखा दांड्या मारायचा. सगळ्यांसमोर विचारलं की 'काय नाही साहेब' एवढंच उत्तर. बाजूला घेऊन विचारल्यावर कळलं, शिफ्ट सुटते तेव्हा गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते आणि ज्याच्या गाडीवरून जायचा त्यानं काम सोडलंय. त्याची शिफ्ट बदलली, दांड्या थांबल्या. यात कोण कुणाच्या डोक्यावर चढलं? हे न विचारता मेमो दिला असता तर पोरगा गेला असता, आणि नवा हात तयार होईस्तोवर रिजेक्शन, म्हणजे नापास मालाचं नुकसान, मालकांच्याच अंगावर पडलं असतं.

बोलायची रीत मात्र पाहिजे. चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचे एकेकाळचे प्रमुख अँडी ग्रोव्ह सांगायचे की साहेब आणि कामगार अशी दोघांचीच बैठक हाताखालच्या माणसाची असते, विषय त्यानं ठरवायचे, साहेबानं ऐकायचं. आपल्याकडं केबिनमध्ये बोलावतात ते झाडायलाच, म्हणून पोरं बिचकतात. तेव्हा शिफ्ट सुटल्यावर थांबवू नका, त्याचं लक्ष घड्याळाकडं असतं. कामाच्या वेळेत, पंधरा दिवसांतून एकदा, वीस मिनिटं द्या. काम कुठं अडतंय, कोणतं मशीन शिकायचंय, मागच्या वेळी सांगितलेलं झालं का, एवढं विचारा आणि वहीत लिहा. जे होणार नाही ते तोंडावर सांगा. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर गेलं तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

वर्षाच्या आढाव्यात माणूस इन्क्रिमेंटचा आकडा ऐकायला बसतो, त्या दिवशी अडचणी कोण सांगेल? आणि राजीनाम्यानंतर विचारलंत तर 'घरचं कारण' हेच ऐकायला मिळणार. त्याला हिशेब आणि अनुभवाचा दाखला हवा असतो, तो जाता जाता वाकडं कशाला बोलेल?

मालकांनी तो मेसेज मागं घ्यावा, आणि सुपरवायझरला या बोलण्यासाठी प्रॉडक्शनच्या टार्गेटमधून तेवढा वेळ सोडून द्यावा.